पेटीत सगळं आहे, थंडी तेवढी नाही: लिलीसाठीच्या घरगुती टिश्यू कल्चर किटचं परीक्षण

टिश्यू कल्चर म्हणजे झाडाच्या तुकड्यापासून बंद बरणीत, निर्जंतुक खाद्यावर रोपं वाढवणं. त्याची घरगुती किटं आता हायब्रिड लिलीच्या नावानेही विकली जातात. खोक्यावर दोन दावे ठळक असतात: एका कंदापासून शेकडो रोपं, आणि ती सगळी व्हायरसमुक्त. पहिला दावा अटी घालून खरा आहे. दुसरा साफ खोटा. तिसरी एक गोष्ट खोक्यावर कुठेच छापलेली नसते आणि मराठवाड्यात तीच सगळ्यात महाग पडते, ती म्हणजे लिलीला लागणारी थंडी. बरणीत असताना लागते, बरणीतून निघताना लागते आणि कुंडीत गेल्यावरही लागते. संभाजीनगर, परभणी, नांदेड, लातूरकडच्या घरात बसून हे किट वापरायचं असेल तर त्यातलं काय कामाचं, काय टाकाऊ आणि बाहेरून काय जमवावं लागतं, त्याचा हा हिशेब. कंपनीचं नाव देत नाही. या किमतीतली किटं इतकी एका साच्यातली आहेत की नावाने फारसा फरक पडत नाही.

खोक्यात निघतं ते असं: एमएस मीडियाच्या (म्हणजे तुकड्याच्या खाद्याच्या) पावडरीची एकेक लिटरची पाकिटं, ते घट्ट करणारं आगर, बीएपी आणि एनएए या हार्मोनच्या दोन ड्रॉपर बाटल्या (दोन्हींची ताकद मिलिलिटरला १ मिलिग्रॅम), बुरशी-जिवाणू दाबून ठेवणाऱ्या पीपीएमची छोटी बाटली, पीएच वर-खाली करायची द्रावणं, पीएचच्या कागदी पट्ट्या, फिल्टरच्या झाकणांच्या २० पॉलिप्रोपिलीन बरण्या, स्काल्पेलचं हँडल आणि ११ नंबरची पाती, लांब चिमटा, हातमोजे, स्पिरिटचा दिवा, एक जांभळा यूएसबी लाईट आणि इंग्रजी पुस्तिका. साखर, डिस्टिल्ड वॉटर, ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा, हायपोक्लोराइट, अल्कोहोल, काम करायचा डबा आणि कुकर तुमचा. किंमत एका बऱ्यापैकी मिक्सरएवढी, आणि हे बाहेरचं सामान धरलं तर जवळपास तेवढाच खर्च पुन्हा.

खोक्यातली सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे बरण्या. कुकरची उष्णता त्या पुन्हापुन्हा सोसतात, झाकणावरचा फिल्टर हवा जाऊ देतो आणि बुरशीचे कण अडवतो. स्वयंपाकघरातल्या पेट प्लास्टिकच्या बरण्या कुकरमध्ये गोळा होतात. जॅमच्या काचेच्या बाटल्या चालतात, पण त्यांची पत्र्याची झाकणं गंजतात आणि आत हवा कोंडून लिलीची पानं काचेसारखी पाणचट होतात. मेच्या उन्हात कुरिअरच्या गाडीत खोकं तापलं म्हणून परत पाठवायची गरज नाही. बीएपी, एनएए आणि पीपीएम तिन्ही उष्णता सोसतात, शेवटी तेही मीडियाबरोबर कुकरमध्येच जायचे असतात. घरी आल्यावर हार्मोनच्या बाटल्या फ्रीजमध्ये ठेवा. बीएपीच्या तळाशी पांढरे कण दिसले तर बाटली कोमट पाण्यात धरून हलवा. कण विरघळल्याशिवाय माप घेतलं तर वरचं पाणीच मीडियात जातं.

मीडिया: पुस्तिका बाजूला ठेवा

एमएस म्हणजे मुराशिगे आणि स्कूग. या दोघांनी १९६२ मध्ये तंबाखूच्या ऊतींसाठी बसवलेलं क्षारांचं सूत्र आजही निम्म्या प्रयोगशाळांचा आधार आहे आणि लिलीलाही ते मानवतं. पावडर चांगली आहे. गोंधळ मापाचा आहे. पाकीट एक लिटरचं, पण २० बरण्यांत प्रत्येकी ३० मिली भरलं तरी ६०० मिलीच लागतं. उरलेली पावडर पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढते, तिचे खडे होतात आणि पुढच्या वेळी काटा खोटं बोलतो. अर्ध्या लिटरची पाकिटं दिली असती तर हा प्रश्नच नव्हता. तोवर उघडलेलं पाकीट सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट डब्यात, फ्रीजमध्ये.

अर्ध्या लिटरला एमएस पावडर २.२ ग्रॅम, साखर १५ ग्रॅम, आगर ३.५ ते ४ ग्रॅम, पीपीएम अर्धा मिली. साखर घरातली पांढरीच घ्या, मराठवाड्यात तिला तोटा नाही. गूळ किंवा पिवळी खांडसारी नको. पाणी मात्र डिस्टिल्डच. इकडच्या बोअरचं पाणी जड असतं, त्यातल्या बायकार्बोनेटमुळे पीएच कितीही खाली आणला तरी काही वेळाने पुन्हा वर सरकतो, आणि मीडिया कुकरमधून गढूळ होऊन निघतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते सीलबंद पाणी चालतं.

हार्मोनच्या बाबतीत पुस्तिकेने सरसकट एकच तक्ता दिलाय: सगळ्या झाडांना लिटरला २ मिलिग्रॅम बीएपी. लिलीला एवढं दिलं की बारीक कोंबांचा झुपका येतो. पानं पारदर्शक, ठिसूळ, आणि खाली कंद धरतच नाही. लिलीच्या खवल्याला (कंदाच्या सुट्या, मांसल पाकळीला) पहिल्या फेरीत लिटरला ०.५ मिलिग्रॅम बीएपी आणि ०.१ मिलिग्रॅम एनएए पुरे. ड्रॉपरच्या थेंबावर विसंबू नका. थेंब कधी ०.०३ मिलीचा पडतो, कधी ०.०६ चा, आणि एवढ्या कमी मात्रेत तो फरक दुप्पट होतो. औषधाच्या दुकानातली लाल टोपीची, ४० युनिटची इन्सुलिन सिरिंज आणा. तिच्यावरचे ४० युनिट म्हणजे १ मिली. अर्ध्या लिटरसाठी बीएपी १० युनिट, एनएए २ युनिट. नारिंगी टोपीची १०० युनिटची सिरिंज मिळाली तर हेच आकडे २५ आणि ५ होतात. टोपीचा रंग न बघता माप घेतलं तर मात्रा अडीच पटीने चुकते.

पीएच ५.७ ते ५.८ हवा. किटमधल्या पट्ट्या १ ते १४ वाल्या आहेत. त्यांच्यावर ५ आणि ६ यांच्या मधल्या सगळ्या छटा सारख्याच पिवळट-हिरवट दिसतात. या पट्ट्या खोक्यात घालणं म्हणजे निव्वळ रकाना भरणं. पेनसारखा पीएच मीटर आणि तो जुळवायच्या बफरच्या पुड्या वेगळ्या घ्या, नाहीतर निदान ४.५ ते ७ अशी अरुंद पट्टी शोधा. पीएच ५ च्या खाली गेला की कुकरमधून निघालेला मीडिया घट्ट होत नाही, पेजेसारखा राहतो आणि खवले त्यात बुडतात. अशा वेळी लोक आगरला दोष देतात. बहुतेकदा आगर चांगलं असतं. पीएच आगर घालण्याआधी लावायचा. मग आगर घालून मिश्रण नितळ होईपर्यंत ढवळत गरम करायचं आणि नंतरच बरण्यांत भरायचं. तसं न करता थेट भरलं तर आगर तळाशी बसतं, वर पाणी.

कुकर पाच लिटरचा असेल तर एका वेळी पाच-सात बरण्या मावतात. तळाला जाळी, तीन-चार बोटं पाणी, झाकणं अर्धा आटा सैल. पुस्तिका शिट्ट्या मोजायला सांगते. शिट्ट्यांवर निर्जंतुकीकरण ठरत नाही, वेळेवर ठरतं. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करायचा, वजनाखालून फुसफुस चालू राहील एवढा, आणि तिथून २५ मिनिटं. प्रयोगशाळेच्या ऑटोक्लेव्हला १२१ अंशांवर १५ ते २० मिनिटं पुरतात. पण संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, बाहेरचा दाबच थोडा कमी, त्यामुळे त्याच वजनाखाली आतलं तापमान एखाद अंशाने कमी राहतं. म्हणून ती वरची पाच मिनिटं. नंतर शिट्टी उचलून वाफ सोडायची नाही. दाब एकदम उतरला की मीडिया उकळून झाकणाच्या फिल्टरला लागतो, आणि ओला, गोड फिल्टर म्हणजे बुरशीला आवतण. कुकर आपोआप थंड होऊ द्या, बरण्या कोमट असताना झाकणं आवळा, आणि चार-पाच दिवस तशाच ठेवून बघा. ज्यात खवला न घालताच काही उगवलं, त्या बरण्या आताच बाद करता येतात.

दिवा पेटवू नका

किटमधला स्पिरिटचा दिवा धोकादायक आहे. दिव्यापेक्षा तो वापरायचा सल्ला जास्त. पुस्तिकेत लिहिलंय की पारदर्शक डब्याला दोन हातभोकं पाडा, आतून अल्कोहोल मारा, दिवा आत ठेवा आणि चिमटा तापवत काम करा. अल्कोहोलची वाफ बंद डब्यात साठते. त्यात ज्योत नेली की भडका उडतो, आणि हात आतच असतात. त्याऐवजी पाच-सहा पाती आणि चिमटा फॉइलमध्ये गुंडाळून बरण्यांबरोबर कुकरमध्ये काढा, आणि दर दोन-तीन खवल्यांमागे पातं बदला. ७० टक्के अल्कोहोल डबा आणि हातमोजे पुसायला ठेवा. तेही ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल ७० मिली आणि पाणी ३० मिली असं घरी करता येतं. जास्त तीव्र अल्कोहोल जास्त मारतं हा गैरसमज आहे, पाण्याशिवाय ते जंतूच्या आत नीट शिरत नाही.

डबा ५०-६० लिटरचा साठवणीचा घ्या. पंखा बंद, दारं-खिडक्या बंद, फरशी आधी ओल्या फडक्याने पुसलेली. खोलीत कूलर लावून काम करायचं नाही, आणि ज्या खोलीत बरण्यांचं कपाट आहे तिथेही तो नको. कूलरचं ओलं गवत म्हणजे बुरशीचं आगार. त्यातून येणारी दमट हवा झाकणांच्या फिल्टरवर दिवसरात्र आदळत राहते.

कंद निवडताना जात महत्त्वाची. एशियाटिक आणि एलए (लाँगिफ्लोरम आणि एशियाटिक यांचा संकर) या ओल्या कोकोपीटच्या पिशवीतही फुटतात आणि बरणीतही. ओरिएंटल, म्हणजे स्टारगेझर, कासाब्लांका वगैरे, बरणीत पिल्लं, म्हणजे खवल्यावर धरणारे छोटे कंद, देतात, पण त्यांची झोप, म्हणजे न उगवता पडून राहण्याचा काळ, लांब आणि बरणीबाहेर त्यांचे नखरे जास्त. पहिल्यांदा करणाऱ्याने एशियाटिकच घ्यावी. हायब्रिडच्या बियांतून मूळ फूल येत नाही, म्हणून हा कंदाचा खटाटोप. डच कंदांची ताजी आवक थंडीच्या तोंडाला सुरू होते. कंद कडक, डाग नसलेला, निळसर पेनिसिलियम बुरशीची पूड न बसलेला हवा. पुस्तिकेतलं चित्र मात्र कांद्यासारख्या एकात एक पापुद्र्यांच्या कंदाचं, हिपिअ‍ॅस्ट्रमचं आहे. त्याची कापणी वेगळी असते. खऱ्या लिलीचा कंद सुट्या, मांसल खवल्यांचा असतो, लसणाच्या पाकळ्यांसारखे ते एकेक सुटे करता येतात.

सगळ्यात बाहेरचे दोन-तीन खवले टाका, ते मातीने माखलेले आणि इजा झालेले असतात. अगदी आतले फार लहान. मधले दहा-बारा घ्या. वाहत्या पाण्याखाली अर्धा तास, दोन थेंब भांड्याच्या साबणाने धुणं, मग लिटरला १ ग्रॅम कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या पाण्यात अर्धा तास. थर्मामीटर असेल तर याआधी खवले ४३ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवा. खवल्याच्या आत दडलेल्या जंतूंवर क्लोरीन पोचत नाही, तिथे या गरम पाण्याचा उपयोग होतो. पाणी ५० च्या पुढे गेलं तर खवले शिजतात, तेव्हा पातेलं गॅसवर ठेवून अंदाजाने हे करू नये.

पुढचं सगळं डब्यात. ७० टक्के अल्कोहोल ३० सेकंद, मग हायपोक्लोराइट २० मिनिटं, अधूनमधून हलवत, शेवटी कुकरमध्ये काढलेल्या डिस्टिल्ड पाण्याने तीनदा, दर वेळी पाच मिनिटं. पुस्तिका नुसतं ‘ब्लीच’ म्हणते. कपड्यांच्या ब्लीचमध्ये किती क्लोरीन, किती सुगंध आणि किती साबण, कोण जाणे. केमिकलच्या दुकानातून ४ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट आणा आणि एक भाग त्याचा, दोन भाग पाणी असं करा, म्हणजे सव्वा टक्क्याच्या थोडं वर बसतं. लहान बाटली घ्या, तारीख बघा. दुकानाच्या पत्र्याखाली एप्रिल-मे काढलेल्या बाटलीत निम्मा जोरही उरत नाही, आणि मग २० मिनिटं बुडवूनही बुरशी येते ती कुठून, हे कळत नाही. हे द्रावण ॲसिडच्या टॉयलेट क्लीनरजवळ नेऊ नका, विषारी वायू सुटतो.

क्लोरीनने खवल्यांच्या कडा पांढऱ्या पडतात. तो भाग एक-दोन मिलिमीटर छाटून टाका, मेलेल्या पेशींतून काही फुटत नाही. मग खवल्याचा खालचा, बुडाकडचा भाग घ्या आणि त्याचे साधारण ८-१० मिलिमीटर लांब, ५ मिलिमीटर रुंद तुकडे करा. वरचं टोक फुटायला फार आळशी असतं. तुकडा ठेवताना फुगीर पाठ मीडियावर, खोलगट पोट वर. पिल्लं त्या आतल्या बाजूला, कापलेल्या बुडाशी येतात. उलटा ठेवलेला तुकडा मरत नाही, पण पिल्लं कमी आणि वेडीवाकडी येतात. मीडियात खुपसू नका, नुसता टेकवा. आणि पुस्तिका एका बरणीत चार तुकडे घालायला सांगते, ते मुळीच ऐकू नका. पहिल्या फेरीत एका बरणीत एकच तुकडा. एकाची बुरशी चौघांना खाते. अर्ध्या लिटर मीडियाच्या साधारण १६ बरण्या होतात, म्हणजे एका बैठकीत १६ तुकडे, पुरे झाले.

कापसासारखी बुरशी तीन ते पाच दिवसांत दिसते. ती बहुतेक हवेतून किंवा हातातून आलेली असते. तुकड्याच्या बुडाशी दुधाळ वलय धरलं तर जिवाणू, आणि ते आठवड्या-दोन आठवड्यांनी वर आलं तर खवल्याच्या आतलेच. पहिल्यावर इलाज कामातल्या स्वच्छतेचा, दुसऱ्यावर गरम पाण्याचा किंवा कंद बदलण्याचा. पीपीएम वाढवून दोन्ही दाबता येईल असं वाटतं, पण लिटरला २ मिलीच्या पुढे पिल्लांचीच वाढ अडते. बाद बरणी उघडायची नाही. तशीच कुकरमध्ये अर्धा तास, मग धुवायची.

शेकडो रोपांचा हिशेब

बरण्या अंधाऱ्या कपाटात, २० ते २५ अंशांत. जांभळा यूएसबी लाईट या टप्प्यात नको, अंधारात पानं कमी आणि कंद जास्त धरतात. दोन आठवड्यांत तुकडे फुगतात, चौथ्या आठवड्याच्या सुमारास बुडाशी टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे उंचवटे दिसतात, आणि सहा ते आठ आठवड्यांत त्यांचे स्पष्ट खवल्यांचे छोटे कंद होतात.

आता आकडा बघा. १६ तुकड्यांतले निम्मे स्वच्छ राहिले आणि प्रत्येकी तीन पिल्लं आली तर २४. त्याच कंदाचे तेवढेच दहा-बारा खवले बुरशीनाशकात बुडवून, मुठीत दाबल्यावर जेमतेम थेंब सुटेल एवढ्या ओल्या कोकोपीटमध्ये, झिपच्या पिशवीत घालून त्याच कपाटात ठेवले, तर आठ-दहा आठवड्यांत खवल्यामागे दोन-तीन पिल्लं येतात. म्हणजे तेवढीच. ना कुकर, ना क्लोरीन, ना काटा. पहिल्या फेरीत पिशवी जिंकते, आणि एवढीच गरज असेल तर किट घेऊ नका.

किटची कमाई दुसऱ्या फेरीपासून. बरणीतलं पिल्लू आधीच निर्जंतुक असतं. त्याचे तीन-चार खवले सुटे करून नव्या मीडियावर ठेवले की पुन्हा प्रत्येकाला दोनेक पिल्लं, म्हणजे दोन महिन्यांत एकाचे सहा-आठ. इथे क्लोरीन नाही, नासाडी थोडी, आणि आता बरणीत तीन-चार तुकडेही चालतात. खोक्यावरचे ‘शेकडो’ इथे येतात. पाच-सहा फेऱ्यांनंतर मात्र नव्या कंदापासून सुरुवात करावी. तुकड्यावर कंदाऐवजी भुसभुशीत गाठी, म्हणजे कॅलस, आला तर तो वाढवू नये. त्यातून आलेल्या रोपांत मूळ जातीपेक्षा वेगळी निघण्याचं प्रमाण जास्त.

व्हायरसमुक्तीचा दावा मात्र कुठल्याच फेरीत खरा होत नाही. खवल्यात व्हायरस असेल तर तो पिल्लात येतोच, बरणी कितीही निर्जंतुक असो. लिली सिम्प्टमलेस व्हायरसची तर लक्षणंच बहुधा दिसत नाहीत. तो काढायला कोंबाच्या अगदी टोकाचा, ०.२ ते ०.५ मिलिमीटरचा वर्धनशील भाग सूक्ष्मदर्शकाखाली काढावा लागतो आणि नंतर एलायझा किंवा पीसीआर ही प्रयोगशाळेतली व्हायरस तपासणी. अर्धापूर-वसमत पट्ट्यातल्या केळीवाल्यांना टिश्यू कल्चरच्या रोपांची सवय आहे, आणि तीच सवय इथे दिशाभूल करते. २००६ पासून केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची टिश्यू कल्चर रोपांसाठी प्रमाणन व्यवस्था आहे, आणि प्रमाणित रोपांमागे व्हायरसची तपासणी झालेली असते. बरणीतून आलं म्हणून रोप स्वच्छ नसतं, तपासलं म्हणून असतं. शिवाय केळीवर ‘हरण्या’ आणणारा कुकुंबर मोझॅक व्हायरस लिलीवरही येतो आणि मावा तो पसरवतो. स्वच्छ रोपं मिळाली तरी ती केळी-काकडीच्या बांधाला लावायची नाहीत.

थंडीचं काय?

बरणीत २५ अंशांत वाढलेलं पिल्लू झोपेत असतं, आणि जितक्या उबेत वाढलं तितकी झोप गाढ. ते तसंच कुंडीत लावलं तर महिनोन्महिने काही उगवत नाही, आणि लोक उकरून बघून ‘मेलं’ म्हणून टाकून देतात. या किटवरच्या बहुतेक नाराजीचं मूळ इथे आहे. पुस्तिकेत पिल्लाच्या फोटोनंतर थेट फुलाचा फोटो येतो. मधली ४ ते ५ अंशांची थंडी, एशियाटिकला सहा-आठ आठवडे, ओरिएंटलला दहा-बारा, पूर्ण गाळलेली आहे.

मराठवाड्याचं वेळापत्रक म्हणूनच उलटं बसवावं लागतं. डिसेंबर-जानेवारीत पहिली फेरी, घरातली हवा फुकटात योग्य असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिल्लं सुटी करून हार्मोन न घातलेल्या, लिटरला ६० ते ९० ग्रॅम साखरेच्या मीडियावर, अंधारातच. जास्त साखरेवर कंद भरतो, आणि बरणीतून निघताना कंदाचं वजन हीच त्याची शिदोरी. एप्रिलपासून घर ३५ च्या वर जातं, तिथे वाढ थांबते आणि नासाडी सुरू होते. म्हणून एप्रिल ते ऑक्टोबर बरण्या सरळ फ्रीजमध्ये. झोपही मोडते आणि उन्हाळा-पावसाळाही टळतो. मधल्या फळीवर ठेवा, दारात नको, मागच्या बर्फाळ भिंतीला चिकटून नको. त्या फळीवर केळी, सफरचंद, पिकता आंबा ठेवायचा नाही, फळांचा इथिलीन वायू फिल्टरमधून आत जातो. तासा-दोन तासांच्या लोडशेडिंगने बिघडत नाही, दार मात्र उघडू नये. दुसरी फेरी याच उन्हाळ्यात करायची असेल तर एसीची खोली लागेल, आणि त्या बिलात तयार डच कंद येतात.

दिवाळीनंतर लावणी. पिल्लांचं आगर कोमट पाण्यात पूर्ण धुऊन काढा. चिकटून राहिलेल्या साखरेवर आधी मुंग्या येतात, मग बुरशी. कार्बेन्डाझिमच्या पाण्यात पंधरा मिनिटं, नंतर कोकोपीट आणि परलाइट निम्मं-निम्मं. कोकोपीट तीन पाण्यांनी धुतलेलंच, न धुतलेल्यात मीठ असतं. दोन सेंटिमीटर खोल लावणी, वर पारदर्शक पिशवी, दहा-बारा दिवसांनी तिला रोज थोडी भोकं, मग ५० टक्क्यांची शेडनेट. कुंडी सोडून काळ्या रानात लावू नका. काळी माती पाणी धरते, कंद सडतो, आणि तिचा पीएच आठाच्या आसपास असल्याने लोह मिळत नाही, नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. ओरिएंटलला तर ५.५ ते ६.५ च लागतो. पाणी शक्यतो साठवलेलं पावसाचं. घरात मांजर असेल तर हा उद्योगच नको. लिलीचं पान किंवा परागही तिच्या मूत्रपिंडांना घातक ठरतो.

पहिल्या हंगामात एखाद-दोन पानं येतात, फूल नाही. एशियाटिकचा कंद १०-१२ सेंटिमीटर घेराचा झाल्यावर नीट फुलतो, त्याला दोन-तीन थंड हंगाम जातात, आणि मधल्या प्रत्येक उन्हाळ्यात कंद पुन्हा फ्रीजमध्ये. कट-फ्लॉवरसाठी लिली करणाऱ्या पॉलिहाउसवाल्याला म्हणून या किटचा काही उपयोग नाही, त्याने फुलायच्या आकाराचे कंद विकत घ्यावेत. वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी, शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळा, आणि एखादी दुर्मीळ जात हातात असलेले बागप्रेमी यांना मात्र बरण्या आणि पावडर दोन्ही पैसे वसूल करून देतात. मदतीच्या नंबरवरून उत्तरं येतात, पण हिंदी-इंग्रजीत आणि छापील. थंडीबद्दल विचारलं तर ‘थंड, सावलीच्या जागी ठेवा’ एवढंच.

संपलेलं सामान किटच्या कंपनीच्या रिफिल पॅकमधून घेऊ नका. एमएस पावडर, आगर आणि पाती प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात सुटी, आणि बरीच स्वस्त मिळतात. झाकणांच्या फिल्टरचे स्टिकर तेवढे कंपनीकडूनच घ्या. कापसाचा बोळा किंवा मायक्रोपोर टेप लावून काम भागतं, पण सात महिने फ्रीजमध्ये राहणाऱ्या बरणीवर ती टेप ओल धरून सुटते.